संघाची एकजूट : यशाचे कारण की यशाचे फळ?

सामना जिंकल्यानंतर विजयाचे श्रेय संघभावनेला देण्याची आणि हरल्यावर संघातील दुफळीकडे बोट दाखवण्याची प्रथा जुनी आहे. मात्र एकजुटीमुळे विजय मिळतो की विजयामुळे एकजूट निर्माण होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. क्रीडा मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे.

एकजुटीचे दोन प्रकार

कॅनडातील क्रीडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट कॅरन यांनी एकजुटीचे दोन पैलू सांगितले. समान उद्दिष्टासाठी एकत्र झटणे ही कार्यविषयक एकजूट, तर खेळाडूंमधील स्नेह ही सामाजिक एकजूट होय. कॅरन, विडमायर आणि ब्रॉली यांनी १९८५ मध्ये ती मोजण्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली तयार केली. आजही संशोधनात तिचा आधार घेतला जातो.

दोरखंडाचा धडा

संघाची ताकद म्हणजे खेळाडूंच्या ताकदीची निव्वळ बेरीज नव्हे, हे फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांच्या प्रयोगांतून दिसले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार आठ जणांनी मिळून काम केले असता प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या क्षमतेच्या जेमतेम निम्मा भरला. याची कारणे दोन. एक म्हणजे ताळमेळाचा अभाव आणि दुसरे म्हणजे 'इतर ओढत आहेतच' या भावनेने सैलावणारा प्रयत्न. १९७४ मध्ये अॅलन इंगहॅम व सहकाऱ्यांनी सहभागींच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, इतरही दोर ओढत असल्याचा केवळ समज करून दिला. तरीही त्यांचा जोर घटला. मात्र प्रत्येकाचे योगदान स्वतंत्रपणे दिसू लागले की ही चालढकल कमी होते, असे पुढील संशोधनात आढळले.

कबड्डीतील साखळी

कार्यविषयक एकजुटीचे उत्तम उदाहरण म्हणजे कबड्डीचा बचाव. चढाईपटूच्या हाती ३० सेकंद असतात आणि समोर जास्तीत जास्त सात बचावपटू. ते हात धरून साखळी करतात, ती जोडीदाराच्या हालचालीचा अंदाज क्षणार्धात यावा म्हणून. कोपरारक्षकाने पाय धरला आणि मध्यरक्षक वेळेवर धावून आला नाही, तर चढाईपटू निसटतो. शिवाय झटापटीत ज्यांचा स्पर्श झाला ते सर्व बाद होतात. एकाच्या घाईची किंमत अनेकांना मोजावी लागते. बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येतो तोही सहकाऱ्यांनी गुण मिळवल्यावरच. परस्परावलंबन या खेळाच्या नियमांतच गुंफलेले आहे.

मैत्री हवीच का?

संघातील सर्वांचे सूत जुळलेच पाहिजे, असे मात्र नाही. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये आठ वल्हेकऱ्यांच्या नौकानयनात सुवर्णपदक जिंकणाऱ्या जर्मन चमूतील हान्स लेंक पुढे तत्त्वज्ञ झाले. अंतर्गत संघर्ष तीव्र असूनही जर्मन चमूंची कामगिरी उंचावत गेल्याचे त्यांनी आपल्या अभ्यासात दाखवले. मनाने दुरावलेली माणसेही एका लयीत वल्ही मारू शकतात; मात्र लयीबाबत त्यांच्यात मतभेद असून चालत नाही.

आधी काय, नंतर काय?

ब्रायन मलेन आणि कॅरोलिन कॉपर यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात एकजूट आणि कामगिरी यांचा संबंध दुहेरी असला, तरी कामगिरीचा एकजुटीवर होणारा परिणाम अधिक प्रबळ असल्याचे आढळले. कॅरन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये खेळांतील ४६ अभ्यास तपासले. त्यांच्या मते दोन्ही प्रकारच्या एकजुटीचा कामगिरीशी ठळक संबंध आहे आणि महिला संघांत तो अधिक बळकट आहे.

२५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारताच्या एकाही फलंदाजाने अर्धशतक केले नाही. श्रीकांतच्या ३८ धावा सर्वाधिक होत्या. सय्यद किरमाणी आणि मुंबईकर बलविंदरसिंग संधू या अखेरच्या जोडीने २२ धावांची भर घातली आणि भारताने १८३ पर्यंत मजल मारली. पुढे मोहिंदर अमरनाथ आणि मदनलाल यांनी प्रत्येकी तीन बळी घेतले व वेस्ट इंडिजचा डाव १४० धावांत आटोपला. छोट्या वाट्यांची किंमत किती असते, हे या धावफलकावरून कळते.

एकजुटीची दुसरी बाजू

घट्ट एकजूट नेहमीच हितकारक ठरत नाही. संघाचे निकष ढिले असतील, तर एकजूट त्या ढिलाईलाच बळ देते. सहकारी दुखावेल या भीतीने चुका दाखवल्या जात नाहीत, नवोदिताला सामावून घेतले जात नाही आणि दुखापत लपवून खेळण्याचा दबाव वाढतो. शालेय व महाविद्यालयीन वयातील खेळाडूंना त्याची झळ अधिक बसू शकते.

म्हणूनच सहली आणि स्नेहभोजने पुरेशी ठरत नाहीत. प्रत्येक खेळाडूला आपली भूमिका नेमकी ठाऊक असणे, राखीव खेळाडूच्या कामाचीही नोंद घेतली जाणे, उद्दिष्टे सर्वांनी मिळून ठरवणे आणि मतभेद उघडपणे मांडण्याची मुभा असणे या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. यशाने एकजूट वाढते, हे खरे. पण सलग पराभवांच्या काळात संघ टिकवून धरण्याचे काम अशा सवयीच करतात.