पेशंटसोबत घरचेही येतात: भावी डॉक्टरांना कुटुंब का शिकवलं जातं?

समजा, ओपीडीत एक तरुण सून आली आहे. झोप लागत नाही, डोकं सतत दुखतं, अशी तक्रार. डॉक्टर प्रश्न विचारतात तिला, पण उत्तरं देते शेजारी बसलेली सासू. अशा वेळी काय करायचं?

मानसिक आरोग्य शिकणाऱ्या मेडिकल, नर्सिंग आणि सोशल वर्कच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाबद्दल शिकवलं जातं, ते अशाच प्रसंगांसाठी.

आधी खापर आईवर फुटायचं

१९४८ मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी 'स्किझोफ्रेनोजेनिक मदर', म्हणजे स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई, असा शब्द वापरला. पुढे कित्येक वर्षं मुलाच्या आजाराचा दोष आईला दिला गेला. नंतरच्या संशोधनात ही कल्पना टिकली नाही.

मग घराचा काहीच परिणाम होत नाही का?

होतो, पण वेगळ्या प्रकारे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांची तब्येत पुन्हा बिघडण्याचं प्रमाण, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं.

यातूनच 'एक्स्प्रेस्ड इमोशन' ही संकल्पना पुढे आली. घरात पेशंटवर सतत टीका होते का, त्याच्याबद्दल राग धुमसतो का, किंवा काळजीपोटी त्याला एक पाऊलही एकट्याने टाकू दिलं जात नाही का, हे त्यात मोजतात. १९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांना असं आढळलं की, अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर जात असेल, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. नियमित औषधांनी तो कमीही होतो.

इथे एक फरक महत्त्वाचा. हे संशोधन आजार का उलटतो याबद्दल आहे. आजार घरच्यांमुळे झाला, असं ते म्हणत नाही. शिवाय टीकेच्या मागे अनेकदा थकवा आणि गैरसमज असतात. 'आजारी कसला, आळशी आहे' असं वाटणारा बाप चिडणारच. आजाराची नीट माहिती मिळाली की हा सूर बदलू शकतो.

भारतात काय दिसलं?

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना पेशंटसोबत राहायला बोलावलं. घरच्यांना उपचारात सामील करून घेणारा हा सुरुवातीचा मोठा प्रयोग. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही चंदीगडमधले नातेवाईक लंडनच्या नातेवाइकांपेक्षा कमी टीका करणारे आढळले.

विद्यार्थी नेमकं काय शिकतात?

एक साधन म्हणजे जीनोग्राम, म्हणजे घराचा नकाशा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, वारलेल्या व्यक्तीवर फुली, ताणलेल्या नात्यासाठी नागमोडी रेघ. तीन पिढ्या कागदावर मांडल्या की आजार, मृत्यू, अबोला एका नजरेत दिसतो.

एमबीबीएसला २०१९ पासून वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचं 'एटकॉम' हे वेगळं मॉड्यूल आहे. २०२२ मध्ये आलेल्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात विद्यार्थी गावातल्या काही कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करतात.

कायदाही माहीत असावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार पेशंटची माहिती गोपनीय असते. सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमू शकते आणि तो नातेवाईकच असावा, असं बंधन नाही.

मग त्या सुनेचं काय?

'आम्ही प्रत्येक पेशंटशी थोडा वेळ एकट्याने बोलतो,' असं सांगून सासूला बाहेर बसायची विनंती करता येते. सगळ्यांसाठी तोच नियम म्हटल्यावर कुणाचा अपमान होत नाही, आणि सुनेला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागण्याची शक्यता कमी होते. ती जे सांगेल, ते तिच्या परवानगीशिवाय सासूपर्यंत जात नाही.

त्यानंतर सासूशीही वेगळं बोलायचं. तिला पहिला प्रश्न असू शकतो: 'तुम्हाला झोप लागते का?'

(मानसिक आरोग्यासाठी मदत हवी असल्यास सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो.)