सूक्ष्मजीव दगड कसा बांधतात? कचारगडच्या पूर्वेला दडलेला समुद्र

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी जोडलेली इथली प्रचंड नैसर्गिक गुहा पाहायला महाराष्ट्रासह शेजारच्या राज्यांतून गोंड बांधव येतात. गुहा म्हटली की चुनखडक, असं शाळेत वाचलेलं असतं. पण दरेकसा-सालेकसा भागातले डोंगर मुख्यतः रायोलाइट, ग्रॅनाइट आणि वालुकाश्म अशा खडकांचे आहेत. यातला रायोलाइट म्हणजे सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची देणगी.

चुनखडक भेटतो तो पूर्वेला. दरेकसा स्टेशनवरून गाडी डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्ग-रायपूरकडे निघाली की डोंगर मागे पडतात आणि सपाट मैदान लागतं. या मैदानाखाली एका उथळ समुद्राचा तळ आहे, सुमारे १०० कोटी वर्षं किंवा त्याहूनही जुना. भूवैज्ञानिक त्यातल्या एका थराला ‘चंडी चुनखडक’ म्हणतात. त्यात ठिकठिकाणी घुमट आणि खांबांसारखे आकार दिसतात. पत्ताकोबी मधोमध कापल्यावर जशा पापुद्र्यांच्या रेषा दिसतात, तशाच रेषा या दगडात असतात. हेच स्ट्रोमॅटोलाइट. हे नाव जर्मन भूवैज्ञानिक अर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये दिलं.

हे हाडांचे किंवा शिंपल्यांचे जीवाश्म नाहीत. सूक्ष्मजीवांनी केलेलं हे बांधकाम आहे. कारागीर गेले, भिंत उरली.

बांधकाम चालतं कसं? पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर निसरडा हिरवा थर धरतो, तो आठवा. उथळ पाण्यातही असाच थर पसरतो. त्यात सर्वांत वर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू असतात. ते स्वतःभोवती चिकट द्रव सोडतात. लाटांबरोबर आलेले बारीक कण त्यात अडकतात. कणांखाली गाडलं गेलं तर ऊन मिळणार नाही, म्हणून धाग्यासारखे जिवाणू सरकत पुन्हा वर येतात आणि नवा थर धरतात. खाली जुना थर, वर नवा, पुन्हा गाळ, पुन्हा थर.

पण नुसत्या गाळाचा दगड होत नाही, त्याला सिमेंट लागतं. तेही इथेच तयार होतं. प्रकाशसंश्लेषणासाठी जिवाणू पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. त्यामुळे आसपासचं पाणी अधिक अल्कधर्मी होतं आणि विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, तोच पदार्थ. फक्त तिथे काम उष्णता करते. गंमत अशी, की तो चिकट द्रव सुरुवातीला कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणजे चुना बसण्यात अडथळाच आणतो. मग खालच्या अंधाऱ्या थरातले दुसरे जिवाणू तो द्रव खाऊन कॅल्शियम मोकळं करतात. वरच्या-खालच्या दोघांची अशी भागीदारी नसती, तर बराचसा थर कुजून वाहून गेला असता.

पापुद्रे नसलेला, गुठळ्या-गुठळ्यांचा दगड तयार झाला तर त्याला थ्रॉम्बोलाइट म्हणतात. एखाद्या खड्याभोवती थर चढत गेले आणि तो लाटांमुळे गडगडत राहिला, तर गोल ऑन्कोलाइट होतो.

हे काम आजही सुरू आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे इथल्या हॅमेलिन पूलचं पाणी समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट आहे. हे थर चरून खाणाऱ्या गोगलगायी तिथे फारशा टिकत नाहीत, म्हणून थर वाढतात, पण वर्षाला अर्धा मिलिमीटरही नाही. पूर्वी लोकर वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या चाकांचे माग तिथे अजून बुजलेले नाहीत!

आता सावधगिरीची गोष्ट. पट्टे दिसले की स्ट्रोमॅटोलाइट, असं नसतं. रायोलाइटमध्ये घट्ट लाव्हा वाहिल्याचे पट्टे उमटतात, वालुकाश्मात लोहाची वलयं तयार होतात. कचारगड परिसरात असा पट्टेदार दगड दिसला, तर आधी या शक्यता तपासाव्यात. स्ट्रोमॅटोलाइटचे पापुद्रे सहसा वरच्या बाजूला फुगलेले असतात आणि माथ्यावर जाड होतात. चुनखडकावर लिंबाचा रस टाकला तर बारीक बुडबुडे येतात, रायोलाइटवर येत नाहीत. (हा प्रयोग सुट्या खड्यावर करायचा. गुहेतल्या किंवा देवस्थानाच्या दगडावर मुळीच नाही.)

राजस्थानात चित्तोडगडजवळच्या भोजुंदा इथले स्ट्रोमॅटोलाइट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखले आहेत. छत्तीसगडचा चुनखडक मात्र मोठ्या प्रमाणावर सिमेंटच्या भट्ट्यांत जातो. भिलाई पोलाद कारखान्यालाही दुर्ग जिल्ह्यातल्या नंदिनी खाणीतून चुनखडक मिळत आला आहे. खाणी बंद करा असं कुणी म्हणणार नाही, घरं आणि रूळ आपल्यालाही हवेत. पण एखादा चांगला उघडा पडलेला कातळ फुटण्याआधी त्याची नोंद तरी व्हायला हवी. असा दगड दिसला तर हातोडा मारू नका, तुकडा घरी आणू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, नेमकं ठिकाण लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे.