सलामाचे झटके

'अपस्मार' म्हणजे स्मृती दूर जाणं. 'अप' आणि 'स्मृ' मिळून झालेला हा शब्द मोठ्या माणसाला चपखल बसतो. पण चार महिन्यांच्या बाळाची कसली स्मृती हरपणार? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अपस्माराचा अध्याय वेगळा आहे आणि लेकरांना लागणाऱ्या नऊ बालग्रहांची प्रकरणं वेगळी. त्या नवांत एक स्कंदापस्मार. हा लागला की मूल बेशुद्ध होतं, पुन्हा भानावर येतं, हातपाय नाचवल्यासारखे हलवतं, तोंडाला फेस येतो. यातला 'ग्रह' कुंडलीतला नव्हे, धरणारा, पकडणारा. ग्रीकांच्या 'एपिलेप्सी'तही हीच धरपकड आहे.

धरणारा गेला आणि नावात लक्षण आलं, त्याचा एक मासला 1841 च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सापडतो. इंग्लंडातल्या टनब्रिजचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांचं पत्र. रुग्ण त्यांचाच मुलगा. बाळाची मान आधी नुसती पुढे झुकायची. मग डोकं पार गुडघ्यांकडे जायचं, लगेच सुटायचं, पुन्हा झुकायचं, असं एकामागून एक. दुसरे एक डॉक्टर, सर चार्ल्स क्लार्क, यांनी याला नाव दिलं 'सलाम कन्व्हल्शन'. अरबी सलाम तोवर इंग्रजीत चांगलाच रुळला होता. नाव हुबेहूब खरं, पण बापाच्या कानाला कसं लागलं असेल!

पुढे वेस्टचंच नाव आजाराला चिकटलं. आता अपस्माराच्या 2022 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचं नाव 'इन्फंटाइल एपिलेप्टिक स्पाझम्स सिंड्रोम'. माणूस गेला, वय उरलं. आणि ते योग्यच, कारण त्या वर्गीकरणाची पहिली चाळणी वयाचीच आहे: जन्मापासून 2 वर्षांपर्यंत सुरू होणारे प्रकार एका गटात, त्यानंतर बालपणातले दुसऱ्या. सलामाचे झटके बहुतेक 3 ते 12 महिन्यांत सुरू होतात. जपानच्या डॉक्टर ओहताहारांच्या नावाचा प्रकार त्याहून आधी, पहिल्या 3 महिन्यांत. त्यातल्या काही बाळांना पुढे सलामाचे झटकेही येतात, म्हणजे वयाबरोबर आजाराचं नावही बदलतं.

नवजातांच्या एका प्रकाराला पूर्वी 'पाचव्या दिवसाचे झटके' म्हणत. आपल्याकडे त्याच सुमारास पाचवी पुजतात, सटवीला जागतात. सटवी मूळची षष्ठी, म्हणजे तिच्याही नावात दिवसांची मोजणी आहेच.