संगणकासोबत सुरू होणारे प्रोग्राम : डॉसपासून विंडोजपर्यंत

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला आणि त्यासोबत आलेल्या डॉस या कार्यप्रणालीच्या आरंभीच्या काळापासूनच ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या छोट्या फाइलीला विशेष स्थान मिळाले. संगणक सुरू झाला की कमांड.कॉम, म्हणजे वापरकर्त्याच्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा प्रोग्राम, ही फाइल डिस्कवर शोधत असे आणि तिच्यातील आज्ञा ओळीने अमलात आणत असे. फाइल नसेल, तर तो फक्त तारीख आणि वेळ विचारून स्वस्थ बसे. ही फाइल साधा मजकूर असल्याने आणि बहुधा वापरकर्ताच ती हाताने लिहीत असल्याने, यंत्र सुरू होताना काय काय चालणार आहे हे त्याला ओळ न् ओळ ठाऊक असे.

या ओळींत पुढे निवासी प्रोग्रामांची भर पडली. डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवी. निवासी प्रोग्राम मात्र आपले काम संपल्याचे सांगूनही स्मृतीत ठाण मांडून राहत आणि ठरलेली कळ दाबताच पुढे येत. बोरलँड कंपनीचे १९८४ मधील ‘साइडकिक’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. परंतु प्रोग्रामांसाठी उपलब्ध स्मृती ६४० किलोबाइटपुरती मर्यादित असल्यामुळे अशा प्रत्येक पाहुण्याची किंमत मोजावी लागे, आणि म्हणूनच ही यादी आपसूक आटोपशीर राहिली.

विंडोजमध्ये आधी ‘विन.इनी’ या फाइलीतील ‘लोड’ आणि ‘रन’ या दोन ओळी हे काम करीत. पहिलीतला प्रोग्राम चिन्हरूपाने मिटलेला, तर दुसरीतला खिडकी उघडून सुरू होई. १९९२ च्या विंडोज ३.१ ने ‘स्टार्टअप’ नावाचा गट दिला. युनिकोडपूर्व काळात मराठी टंकलेखनासाठी पुण्याच्या सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांसारखे सॉफ्टवेअर पार्श्वभूमीवर चालू असावे लागे. अशा साधनांसाठी ही सोय खरोखरच उपयोगाची होती.

खरे वळण १९९५ मध्ये आले. विंडोज ९५ मध्ये स्टार्टअप फोल्डर होतेच, पण त्याशिवाय रजिस्ट्री या मध्यवर्ती नोंदसंग्रहात ‘रन’ नावाची जागा होती, आणि तेथे नोंद करणारा बहुधा वापरकर्ता नसून प्रोग्राम बसवणारी यंत्रणाच असे. यादी लिहिण्याचा अधिकार असा नकळत हस्तांतरित झाला. त्याचा गैरफायदा घेतला जाणे अटळ होते : मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आयलव्हयू’ या घातक प्रोग्रामने संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आपणही सुरू व्हावे, म्हणून नेमक्या याच जागेत स्वतःची नोंद केली होती.

नियंत्रण परत मिळवण्याची साधने मात्र सावकाश आली. विंडोज ९८ मधील ‘एमएसकॉन्फिग’ जाणकारांपुरतेच राहिले, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या ‘ऑटोरन्स’ने अशा नोंदींच्या कितीतरी आडवाटा उघड केल्या, आणि २०१२ च्या विंडोज ८ ने ही यादी टास्क मॅनेजरमध्ये, प्रत्येक प्रोग्राम संगणकाच्या सुरुवातीवर किती भार टाकतो याच्या अंदाजासह, सर्वांसमोर मांडली. तेथे एखादा प्रोग्राम बंद केला, तरी त्याची मूळ नोंद पुसली जात नाही; वापरकर्त्याचा नकार रजिस्ट्रीत दुसऱ्या ठिकाणी वेगळा लिहिला जातो.