इंजिनाचा उच्छ्वास आणि तेलाची डबी

मोटारीच्या इंजिनाला तेल टिपणारी डबी बसवण्याने खरोखर फायदा होतो का? उत्तर शोधण्याआधी आपण थोडे मागे जाऊ.

सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यातील फट रिंगांमुळे पूर्णपणे बंद होत नाही. दाबाखालील वायू थोडासा खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. त्यात न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. तेलाचे सूक्ष्म थेंबही मिसळतात. तो कोंडून राहिला तर दाब वाढून तेल गळू लागते. म्हणून पूर्वी एका नळीने तो सरळ रस्त्यावर सोडून देत.

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके पसरू लागले. रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले की, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन बनतो. मोटारीच्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधून येत होता. मग हा वायू एका झडपेतून पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची पद्धत आली: १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून अमेरिकाभर.

मात्र वायूबरोबर तेलही आत जाऊ लागले. पेट्रोलचा फवारा आवक झडपेवर पडत असे तोवर ती धुतली जाई. फवारा थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनांत (मित्सुबिशीने असे इंजिन १९९६ मध्ये बाजारात आणले) ही धुलाई थांबली आणि झडपेवर काजळीचे थर साचू लागले. वाटेत डबी बसवली की वायू थंड होतो, आडव्या पडद्यांवर आदळतो आणि मोठे थेंब खाली जमतात. अतिसूक्ष्म थेंब मात्र निसटतात.

डबीत द्रव जमला म्हणजे फायदा सिद्ध झाला, असे आपण म्हणू शकत नाही. त्यात पाणी आणि पेट्रोलही असते. शिवाय झडपेच्या दांड्यावरून झिरपणारे तेल डबी अडवत नाही. शर्यतीच्या गाडीत ती हवीच, कारण सांडलेल्या तेलावरून मागच्या गाड्या घसरतात. थेट फवाऱ्याच्या इंजिनात काही उपयोग संभवतो. जुन्या पद्धतीच्या साध्या गाडीत तो फारसा नाही. आणि डबीचे तोंड हवेत उघडे ठेवले, तर आपण १९६१ पूर्वीच्या लॉस एंजेलिसलाच परत जातो.

डबीचा उपयोग सिद्ध करायला कोणता प्रयोग करावा लागेल? वर्गात विचारून पाहा.