लोडर आला, पण घमेले कुणाच्या डोक्यावर राहिले?

"यंत्र आले की गरिबाची भाकरी जाते," हे वाक्य आपण वस्तीत, सभेत, चर्चेत नेहमी ऐकतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. भाकरी यंत्र हिरावत नाही. यंत्र कुणाच्या मालकीचे आणि ते कुठे पाठवायचे हे ठरवणारी व्यवस्था भाकरी हिरावते. माती उचलणाऱ्या यंत्रांचा इतिहास याचा पुरावा आहे.

अमेरिकेत विल्यम ओटिसने 1839 मध्ये वाफेवर चालणाऱ्या फावड्याचे पेटंट घेतले. 1904 ते 1914 या काळात अमेरिकेने अशाच यंत्रांनी पनामा कालव्याचा डोंगर फोडला. पण यंत्राच्या खुर्चीवर गोरा अमेरिकन बसला. सुरुंग लावण्याचे आणि दगड वाहण्याचे काम बार्बाडोस, जमैकाहून आणलेल्या काळ्या मजुरांकडे आले. गोऱ्यांचा पगार सोन्यात, काळ्यांचा चांदीत! यंत्र नवे होते, उतरंड जुनीच होती.

पुढे व्हील लोडर आला. सुरुवातीचे लोडर म्हणजे ट्रॅक्टरपुढे बसवलेले, तारदोरांनी उचलले जाणारे खोरे. 1947 मध्ये अमेरिकेतील फ्रँक हफ यांच्या कंपनीने चारही चाकांना ताकद देणारा हायड्रॉलिक लोडर बनवला. तेलाच्या दाबाने बकेट वर जाऊ लागली आणि माणसाच्या हातात फक्त दांडा उरला. नंतर मधोमध वळणारी चासी आली आणि यंत्र अरुंद जागेतही फिरू लागले. आज 3 घनमीटरच्या बकेटमध्ये साधारण साडेचार टन माती मावते. 20 किलोच्या घमेल्याने तीच माती वाहायची तर सव्वादोनशे खेपा होतात.

त्या खेपा कुणाच्या डोक्यावरून झाल्या? आपल्या आयाबहिणींच्या, वडार-बेलदारांच्या. स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले नागार्जुनसागर धरण दगडी बांधकामाचे आहे आणि ते मुख्यतः माणसांच्या हातांनी उभारले गेले. जगात लोडर होता, पण इथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त होता. जातीने तो स्वस्त ठेवला होता.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या 1945 च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाचा यंत्रविरोध खोडून काढला. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवायचे आणि विचार करायला फुरसत द्यायची, तर यंत्र हवेच, असे त्यांनी बजावले. यंत्रामुळे दुष्परिणाम होत असतील तर दोष यंत्राचा नाही, नफा मूठभरांच्या हाती सोपवणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे करण्याची मागणी केली. ज्या वर्षी अमेरिकेत हायड्रॉलिक लोडर आला, त्याच वर्षी बाबासाहेब यंत्राच्या मालकीचा प्रश्न विचारत होते.

पुढे यंत्र भारतात आले, पण ठेकेदाराच्या दारी. ज्या वडाराचे माती-दगडाचे काम यंत्राने घेतले, त्याला ना यंत्राची मालकी मिळाली, ना चालकाची खुर्ची. आणि जिथे यंत्र सर्वांत आधी पोहोचायला हवे होते, तिथे आजही माणूस उतरतो. 2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यावर बंदी आणली. तरी आपली माणसे तिथे गुदमरून मरतात. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. भरपाई वाढते, मॅनहोलमधला माणूस मात्र तसाच. झोपडी पाडायला यंत्र तासाभरात येते, मग गटार उपसायला का येत नाही? याचे उत्तर इंजिनिअरिंगच्या पुस्तकात सापडणार नाही, जातीत सापडेल.

म्हणून यंत्राला दगड मारणे हा आमचा मार्ग नाही. तरुणांनी यंत्र चालवायला आणि दुरुस्त करायला शिकावे. सफाई कामगारांच्या आणि वडारांच्या सहकारी संस्थांना यंत्रे मिळावीत. गटार सफाईचे टेंडर यंत्रासह त्यांनाच मिळावे, ही मागणी प्रत्येक नगरपालिकेच्या दारात लावून धरावी. दांडा आपल्या हाती आला, तरच घमेले डोक्यावरून उतरेल.

जय भीम!