खारे पाणी (शिरूर व दौंड तालुके)

समुद्राच्या पाण्याला हे नाव आहेच. क्षार वाढलेल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यालाही आहे. कोकणात त्याने आधी समुद्र आठवतो, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शिरूर-दौंडमध्ये आधी बोअर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतले बहुतेक साधे मीठ. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक मात्र लिटरला ५०० मिलिग्रॅमवर थांबते. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत सूट. म्हणजे समुद्राच्या पंधराव्या हिश्शाइतका खारेपणासुद्धा पिण्याला चालत नाही. असे पाणी मचूळ लागते. त्यात बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमही जास्त असते. मग डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. उकळून मीठ जात नाही, पाणी आटेल तसे दाट होते. म्हणून घरोघर जारचे पाणी आले.

हे क्षार समुद्राने आणलेले नाहीत. काळ्या कातळाची झीज होताना ते सुटतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस तोकडा, त्यामुळे ते धुऊन जात नाहीत. पुढे खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आला, घोड नदीवर चिंचणीला धरण झाले आणि ऊस वाढला. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले भरमसाट पाणी यांना निचरा मिळाला नाही, तिथे भूजल वर चढले. ते मातीतून वर येऊन उडून जाते, क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात वावरावर पांढरे मीठ फुटलेले दिसते.

अशा जमिनीचे दोन प्रकार ओळखणे फार गरजेचे आहे. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. चर काढून गोड्या पाण्याने ती धुता येते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. ती ओली झाली की चिकट, वाळली की दगडासारखी, आणि पाणी वरच तुंबते. ती नुसत्या पाण्याने धुतली तर बिघाड वाढतो. तिला आधी जिप्सम लागते: त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, मगच निचऱ्यावाटे सोडियम बाहेर पडतो. जिप्सम किती टाकायचे हे माती तपासूनच ठरते. जोडीला ताग किंवा धैंचा गाडतात. मात्र चर नसेल, तर जिप्समवरचा खर्च वाया जातो.